नाव घेऊन रडणं

सकाळची पाळी संपवून वर्षाराणी खोलीच्या जिन्याशी आली तेव्हा खालच्या घरातून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. एक बाई हेल काढून काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या तिच्यामागे हुंकार भरत होत्या. वर्षाराणीने पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला. खाली घरमालकीण रहिमाबी आणि तिची कॉलेजात जाणारी नात अलिना, अशा दोघीच राहत. रहिमाबीला थंडीपासून दम लागत होता. म्हणजे गेली म्हातारी, असे वर्षाराणीच्या मनात आले, आणि वाईट वाटायच्या आधी तिला राग आला. आता संध्याकाळभर माणसे येत राहतील, आपल्याला त्यांच्यात बसावे लागेल, चेहरा पाडून ठेवावा लागेल. तिने ओढणी डोक्यावर घेतली आणि दार ढकलले. रहिमाबी सूप मांडीवर घेऊन तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. तिने चष्म्यावरून वर पाहिले. "काय झालं, वर्षाबाई? अशा काऊन घाईनं आलात?" पलंगावर अलिना बसली होती, तिच्यापुढे लॅपटॉप होता, आणि रडणे त्यातून येत होते. काळ्या कपड्यांतल्या चार-पाच म्हाताऱ्या कशाभोवती तरी दाटीने बसल्या होत्या. "ग्रीसचं आहे, ताई," अलिना म्हणाली. "मानी म्हणून एक भाग आहे तिकडं, डोंगराळ. मयतावरचं गाणं आहे."

"मयतावरचं गाणं दारं उघडी टाकून लावतात का? बंद कर ते."

अलिनाने बंद केले. वर्षाराणी वर आली, दाराला कडी घातली आणि तशीच उभी राहिली. आपण एका जिवंत म्हातारीच्या मरणाची तयारी करून आत शिरलो होतो, हे रहिमाबीला कळले असेल का, हा विचार तिला डाचत राहिला. मग तिला त्या दोघींचाच राग येऊ लागला. कुठल्या तरी परक्या मुलखातल्या बायकांचे मढे घरात आणून ऐकायचे, ही कसली हौस. तसा तिला सगळ्याच आवाजांचा राग होता. बीडच्या बसस्थानकावर ती वाहतूक नियंत्रक होती. दिवसभर काचेच्या खोलीत बसून गाड्यांची नावे सांगायची. गेवराई, माजलगाव, पाटोदा, केज. गाडी उशिरा आली की लोक काचेवर हात आपटत, जणू गाडी तिनेच लपवून ठेवली आहे. ती त्यांच्याकडे न बघता त्याच सपाट आवाजात पुढची गाडी सांगायची. त्या सपाट आवाजाची तिला सवय झाली होती. तो तिचा नव्हता, त्यामुळे त्याला काही लागत नव्हते. स्वतःचा म्हणावा असा आवाज तिने सत्यम गेल्यापासून काढला नव्हता.

सत्यम तिचा धाकटा भाऊ. नवऱ्याच्या घरून तिला कायमचे निघायचे होते तेव्हा आईबाप महिनाभर विचार करत बसले, आणि सत्यम एकटा मोटारसायकल घेऊन आला. दिराने दारात आडवे व्हायचा प्रयत्न केला तेव्हा त्याने एक शब्द न बोलता त्याच्या कानाखाली वाजवली आणि तिची पेटी उचलली. त्या आवाजाने तिला झालेला आनंद तिने कुणाला सांगितला नव्हता. गावी, चकलांब्याला, शेतातून उसाची ट्रॉली काढायच्या वाटेवरून चुलत्याच्या घराशी भांडण होते. चुलता मरून गेला होता. चुलती वत्सलाबाई, जिला सगळे मोठीमाय म्हणत, आणि तिचा एकुलता एक मुलगा अजिनाथ, एवढेच त्या घरात. तीन वर्षांमागे, ऊस तुटून पडलेला असताना, बांधावर अजिनाथने पाठीमागून येऊन सत्यमच्या डोक्यात फावडे घातले. आई, वनमाला, तिथेच होती. दवाखान्यात नेईपर्यंत सत्यम राहिला नाही. हे सगळे वर्षाराणीला असेच, याच क्रमाने आणि याच शब्दांत ठाऊक होते. पोलिसांत वडिलांनी आईच्या नावाने असेच लिहून दिले होते, आणि ती मनात पुन्हा पुन्हा असेच म्हणत असे. पाठीमागून येऊन. त्या दोन शब्दांवर तिचा द्वेष पाय रोवून उभा होता.

आणि ते रडणे. त्या दिवशी अंगणात सत्यमभोवती बायका बसल्या होत्या आणि वत्सलाबाई आली. मारणाऱ्याची आई. कुणी तिला अडवले नाही. ती प्रेताच्या छातीवर पडली आणि असे रडली की वेशीपर्यंत ऐकू गेले. माझ्या सोन्या, माझ्या राजा, तुला न्हाऊ घातलं रे, तुला घास भरवला रे. बायका डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, मोठीमायनं लई जीव लावलता. वर्षाराणी भिंतीला टेकून कोरडी उभी होती, आणि तिच्याकडे बघून त्याच बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. त्या रडण्यात सगळे होते. त्याचे दूध होते, झबले होते, शाळा होती. कुणी मारले तेवढे नव्हते. त्या दिवसापासून तिला बायकांच्या रडण्याची किळस बसली. त्या रडण्याने घर पुसून काढतात तसे सगळे पुसून निघते, आणि संध्याकाळी कुणीतरी पिठले-भाकरी घेऊन येते.

दोन-तीन दिवसांनी अलिना वर आली. हातात शिरखुर्म्याची वाटी होती, पण खरे तर तिला बोलायचे होते. "ताई, तुम्हाला राग आला त्या दिवशी."

"आला."

"मला माहीत नव्हतं तुमच्या भावाचं. दादीनं नंतर सांगितलं." ती उंबऱ्यातच बसली. तिला नाद होता. एकेका देशाचे जुने गाणे धरायचे आणि महिना-दोन महिने तेच ऐकायचे. घरात सगळे हसतात, ती म्हणाली, पण मला कुठं जायला मिळत नाही, निदान कानानं तरी जाऊन येते. वर्षाराणीने वाटी घेतली नाही, पण तिला उठही म्हटले नाही. मग अलिना सांगत राहिली. तिकडे बेटांवर व्हायोलिन वाजवून नाचायची गाणी आहेत, नावाड्यांची. क्रीट बेटावर लीरा म्हणून मांडीवर उभे धरून वाजवायचे तीन तारांचे वाद्य आहे, आणि माणसे दोन-दोन ओळी रचून एकमेकांना टोमणे मारत गातात. वरच्या डोंगरात क्लॅरिनेट आहे, आपल्या लग्नातल्या बँडमध्ये असते तेच, पण तिथे ते रडते. आणि मानीत काही वाद्यच नाही. नुसत्या बायका. "तिकडं घराण्याघराण्यांत खून व्हायचे, ताई. सूड घ्यायचे लोक. माणूस मेला की बायका त्याच्याभोवती बसायच्या आणि त्यातली एक गायची. कसा मेला ते गायची. कुणी मारलं त्याचं नाव घेऊन गायची."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन. सगळ्यांसमोर. पुरुष बाहेर उभे राहून ऐकायचे."

अलिना गेल्यावर वर्षाराणीने मोबाइलवर ते शोधले. पहिल्यांदा नुसतेच घोगरे, तीन-चार सुरांत अडकलेले काहीतरी वाटले. चढत नव्हते, उतरत नव्हते, दगडावर दगड ठेवत जावे तसे एकेक ओळ ठेवत जाणारे. त्यात गोडवा अजिबात नव्हता, आणि तेच तिला बरे वाटले. खाली इंग्रजीत अर्थ येत होता. ती बाई मेलेल्याला उठ म्हणत नव्हती, देवाला बोल लावत नव्हती. कोण आले, कुठून आले, कुठल्या भिंतीआड बसले, हे सांगत होती, आणि ज्याने मारले त्याच्या घराला आग लागो म्हणत होती. इतर म्हाताऱ्या ओळ संपली की हुंकार भरून ती उचलून धरत. वर्षाराणीने ते पुन्हा लावले. पाळीवर जाताना लावले, स्वयंपाक करताना लावले. अलिनाने पाठवली म्हणून तिने बाकीचीही ऐकली. बेटांवरच्या नाचाच्या गाण्यांनी तिची चिडचिड झाली. ती माणसे कशासाठी एवढी खूश आहेत ते कळेना. डोंगरातले क्लॅरिनेट मात्र फसवून आत शिरले. ते एका सुरावरून घसरत खाली आले तेव्हा तिला सत्यमचे लहानपणचे, झोपेतून उठल्यावरचे कावरेबावरे तोंड दिसले आणि डोळे भरून येतात की काय असे झाले. तिने घाईने ते थांबवले. तिला मऊ व्हायचे नव्हते. तिला मानीच्या त्या घोगऱ्या बाईपाशीच बसायचे होते. आपल्याला जे हवे होते ते जगात कुठेतरी होते, बायका ते उघड करत होत्या, आणि आपल्याला मात्र पदरात तोंड घालायला शिकवले, या विचाराने तिला आईचा, आजीचा, सगळ्या गावाचा नव्याने राग आला. एकदा काचेच्या खोलीत ती गाडीचे नाव सांगायला गेली आणि आवाज आपोआप त्या चालीत वळू लागला. तिने बटण सोडून दिले आणि पाणी प्यायली.

त्याच आठवड्यात तिचे वडील राधाकिशन आईला घेऊन बीडला आले. अजिनाथ जामिनावर बाहेर होता, खटला सुरू झाला होता, आईच्या साक्षीची तारीख लागली होती. वडिलांनी चहा होईपर्यंत पावसापाण्याचे काढले आणि मग कपाकडे बघत म्हणाले, "मिटवायचं ठरलंय."

"काय मिटवायचं?"

"तुझी माय म्हननार, मी पल्याडच्या वावरात होते, मला काय दिसलं न्हाई. ते लोक वाट सोडून द्यायलेत. कायमची."

"वाट," वर्षाराणी म्हणाली. "सत्यमच्या बदल्यात ट्रॉली जायची वाट."

"वाटंसाठी न्हाई." वडिलांचा आवाज चढला नाही. "दोन्ही घरांत मिळून दोन पोरं व्हती. एक गेलं. दुसरं आपल्या हातानं जेलात घालू? उद्या मला खांदा कोन देनार?"

"मी देते."

त्यांनी कप उचलून उरलेला चहा पिऊन टाकला. तिला ते नाही म्हणण्यापेक्षा जास्त लागले. आई भिंतीशी बसून लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. "माय, तू बोल," वर्षाराणी म्हणाली. "तू पाह्यलंस. तुझ्या डोळ्यांदेखत पाठीमागून येऊन मारलं. आन् तू पाह्यलं न्हाई म्हननार?" आईने मान वर केली नाही. "मला काय इचारू नको," ती म्हणाली. "मला कुनीच काय इचारलं न्हाई. सगळे काय बोलायचं त्येच सांगायलेत." वर्षाराणीला वाटले ही पळवाट आहे. ती आईशी त्यानंतर अवाक्षर बोलली नाही. ते दोघे गेले तेव्हा खाली स्थानकापर्यंत सोडायलाही गेली नाही, आणि खिडकीतून त्यांची डोकी गल्लीच्या वळणाला दिसेनाशी झाली तेव्हा तिने मनाशी म्हटले, हे दोघेही आता त्या बाजूचे.

साक्षीच्या आधीच वत्सलाबाई वारली. सकाळी चुलीपाशी बसली होती ती तिथेच कलंडली. वडिलांचा फोन आला, "येतीस का न्हाई तूच ठरव," एवढेच ते म्हणाले. वर्षाराणीने रजा टाकली आणि गेवराईच्या गाडीत बसली. वाटभर कापसाची रिकामी पऱ्हाटी उभी होती. ती मेल्याचे तिला दुःख नव्हते, आनंदही नव्हता. एक प्रकारची घाई होती. एवढी माणसे एका जागी, अंगणात मयत, आणि अजिनाथ समोर. अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. कोर्टात आई काही म्हणणार नसेल तर हे आपणच म्हणायचे, आणि जिथे म्हणायला पाहिजे तिथे. गेवराईला तिने गाडी बदलली. तिने ओळी मनात जुळवायला घेतल्या. त्या परक्या चालीत मराठी शब्द बसतील का याची तिला शंका होती. पण ते बसत होते, आपल्या वजनाने खाली जाऊन बसत होते.

अंगणात बायकांचे कडे होते. मध्ये वत्सलाबाई, वाळून लहान झालेली. पलीकडे गोठ्यापाशी पुरुष तिरडी बांधत होते आणि अजिनाथ एका दगडावर बसून नुसता त्यांच्या हातांकडे बघत होता. आई मयताच्या उशाशी होती. वर्षाराणी आली तशी बायकांनी वाट दिली, हेल उंचावला, आली गं वर्षा आली, बघ मोठीमाय तुझी वर्षा आली. वर्षाराणी पायथ्याशी बसली. तिने त्या रडण्याला थांबायची वेळ दिली. मग ती गाऊ लागली. आवाज फाटका निघाला, आणि तिला तो ओळखू आला नाही.

मोठीमाय, उठ आता,
जाब दे गं जाता जाता.
तुझ्या पोटच्या पोरानं
माझा सत्यम मारीला.

बायका एकदम गप्प झाल्या. असे रडणे त्यांनी ऐकले नव्हते. त्यात हुंदका नव्हता, छाती पिटणे नव्हते. गोठ्याकडचे हात थांबले. वर्षाराणीला अजिनाथचे तोंड दिसत होते आणि ते तसे दिसावे याचीच ती तीन वर्षे वाट बघत होती. तिने त्याच्याकडे बघत पुढची ओळ घेतली.

पाठीमागून येऊन
फावड्यानं डोई फोडी.

वडील गोठ्याकडून ओरडले, "वर्षे, गप." तिने ऐकले नाही. कुणी तिच्यामागे हुंकार भरत नव्हते. ओळ संपली की अंगणात नुसती माशांची गुणगुण ऐकू येई, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एकटी पडत होती. तिने तीच ओळ पुन्हा म्हटली. पाठीमागून येऊन. तेवढ्यात उशापासून दुसरा आवाज आला. बारीक, थकलेला, पण त्याच चालीत. जणू तो कितीतरी दिवस कुणी आधी सुरुवात करावी म्हणून थांबला होता.

पाठीमागून न्हाई गं,
म्होरूनच आला होता.
आधी फावडं धरलं
माझ्या सत्यमनं, लेकी.

वर्षाराणीने आईकडे पाहिले. आई तिच्याकडे बघत नव्हती. ती मेलेल्या जावेच्या कपाळावर हात ठेवून तिलाच सांगत होती. "तू बी पाह्यलंस, मी बी पाह्यलं," ती म्हणाली. चाल मध्येच सुटत होती आणि मध्येच पुन्हा धरत होती. "माझ्या लेकानं फावडं उचललं. तुझा लेक बारका न्हाई, त्यानं हिसकलं. एक घाव उभ्यावर घातला. सत्यम पडला. दुसरा पडल्यावर घातला, बाई. पडल्यावर घातला. तू 'आरं नको' म्हनलीस, मी 'आरं नको' म्हनले. दोघींनी म्हनलं. त्यानं घातला." बायकांतून कुणीतरी, मोठ्याने नाही, "व्हय गं बाई," म्हटले. मग आणखी एकीने. अजिनाथ दगडावरून उठला आणि गोठ्याच्या मागे गेला. तिकडून त्याच्या ओकण्याचा आवाज आला.

वर्षाराणीला काय वाटले ते तिला पुढे बरेच दिवस जुळवता आले नाही. पहिल्यांदा वाटले, आई खोटे बोलते आहे, त्यांनी तिला हेही शिकवले आहे. पण हे कुणाच्याच सोयीचे नव्हते. ना वडिलांच्या, ना अजिनाथच्या, ना तिच्या. तीन वर्षे ती ज्या दोन शब्दांवर उभी होती ते निघून गेले होते आणि द्वेष मात्र होता तिथेच होता, आता कशालाही न टेकता. दुसरा घाव पडल्यावर घातला. म्हणजे द्वेषाला जागा होती. पण फावडे आधी सत्यमच्या हातात होते. तिला आईचा राग आला, तो आधीच्या सगळ्या रागांपेक्षा मोठा होता: हे तू मला तीन वर्षे का सांगितले नाहीस. आणि लगेच तिला आठवले की तिने विचारले नव्हते. आई अजून सांगत होती, त्याची चप्पल कुठे पडली, रक्त कुठवर गेले, दोघींनी त्याचे डोके कुणाच्या मांडीवर घेतले. वर्षाराणी ऐकत बसली. मयत उचलेपर्यंत ती तिथून हलली नाही.

पंधरवड्याने कोर्टात आईने तेच सांगितले, गाण्याशिवाय. सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला, कारण पोलिसांतला जबाब वेगळा होता. आरोपीच्या वकिलांना पहिला भाग हवा होता, दुसरा नको होता. दोघांनीही तिला आलटून पालटून विचारले की तुम्ही खोटे बोलताय का. "न्हाई," आई म्हणत राहिली. "दोन्ही झालं. आधी हे झालं, मग ते झालं." वडील बाहेरच्या बाकावर बसून होते, ती बाहेर आली तेव्हा उठून एकटेच निघून गेले. अजिनाथ आपल्या वकिलामागून येत होता. मायच्या दहाव्याला मुंडलेल्या डोक्यावर नुकते केस फुटू लागले होते. तो थांबला आणि आईच्या पायाशी वाकला. आईने पाय मागे घेतले. "पाया पडू नको," ती म्हणाली. "तुझ्यासाठी न्हाई सांगितलं." तो तसाच अर्धवट वाकून राहिला. त्याला खालून वर येताना बघून वर्षाराणीला पहिल्यासारखेच वाटले की हा मरावा. फक्त आता ते वाटण्यात पूर्वीची खात्री नव्हती.

स्थानकावर गाडीला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या. मग आईने विचारले, "ती चाल कुठली व्हती?"

"ग्रीस म्हणून देश हाय. लांब."

"तिकडं बी बाया अशा म्हनतेत व्हय?"

वर्षाराणीने मोबाइल काढला आणि इअरफोनची एक गोळी आईच्या कानात घातली. आईने डोळे मिटले. काळ्या कपड्यांतली ती म्हातारी ओळीवर ओळ ठेवत होती. दुसरी गोळी स्वतःच्या कानाला लावल्याशिवायही वर्षाराणीला कुठली ओळ चालू असेल ते ठाऊक होते. संपेपर्यंत आईने कानातून ती काढली नाही.

"कुनाला बोलायली ही?"

"तिच्या भावाला मारलं, त्याला."

"आन् भाऊ कसा होता, त्ये सांगती का?"

वर्षाराणीने आठवून पाहिले. आग होती, भिंत होती, घराण्याचे नाव होते, मारणाऱ्याच्या बापाचेही नाव होते. सगळ्या ओळी तिला पाठ होत्या.

"न्हाई," ती म्हणाली.

आईने ती गोळी पदराला पुसून तिच्या हातात दिली आणि गाडी लागली का ते बघायला उठून उभी राहिली.